चिन्ह पालटावें, पण कोणाच्या संमतीनें?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघावें, भोसरी व मोशी मागें टाकावी, इंद्रायणी ओलांडावी आणि चाकणच्या तळेगांव चौकांत वाहनांच्या दाटींत निमूटपणें अडकून बसावें, हा त्या बाजूच्या प्रवाशांचा नित्याचा अनुभव आहे. या सक्तीच्या विश्रांतींत एक लाभ मात्र होतो. आजूबाजूस उभ्या असलेल्या गाड्यांवर जीं चिन्हें बसविलेलीं असतात तीं निरखण्यास भरपूर सवड मिळते. कोठें दोन शिखरें एकमेकांस टेकलेलीं दिसतात, कोठें वर्तुळांत दोन रोमन अक्षरें एकाखालीं एक रचलेलीं, तर कोठें उडूं पाहणारें एकच अक्षर. यांपैकीं पुष्कळ गाड्या याच पंचक्रोशींत जन्मास आलेल्या असतात. आणि या तिन्ही चिन्हांनीं गेल्या पंचवीस वर्षांच्या आंतच आपलें रूप पालटलेलें आहे.

चाकणला चिन्हाचा पालट ही गोष्ट नवी नाहीं. गांवांतील संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला इ. स. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळा यानें शाएस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध सुमारें दोन महिने झुंजविला. अखेर सुरुंगानें बुरूज उडाला, किल्ला हातचा गेला आणि त्यावरचें निशाण उतरलें. त्या काळीं निशाण बदललें म्हणजे धनी बदलला, हा अर्थ गुराख्याच्या पोरालाहि कळत असे. आजच्या कारखान्यांत धनी तोच राहतो आणि चिन्ह तेवढें बदलतें. याखेरीज आणखी एक प्रकार असा आहे कीं, ज्यांत धनी म्हणून कोणी दिसतच नाहीं. तरीहि चिन्ह असतें, आणि तें बदलण्याचा प्रसंग येतो. प्रस्तुत भाषणाचा मुख्य विषय हा शेवटचा प्रकार होय. परंतु तेथें पोंचण्यापूर्वीं कारखान्यांच्या दारांवरून जाणें सोयीचें आहे.

आकुर्डीच्या बजाज ऑटोचा एक मोठा कारखाना चाकणला आहे. या कंपनीचें जुनें षट्‌कोनी चिन्ह कित्येक वर्षें मध्यमवर्गाच्या दारांत उभ्या असलेल्या स्कूटरींवर झळकत होतें. इ. स. २००४ मध्यें तें गेलें व त्याच्या जागीं वेगाचा भास देणारें नवें चिन्ह आलें. तें घडविण्याचें काम पुण्याच्याच एलिफंट डिझाइन या संस्थेकडे होतें. ‘हमारा बजाज’ हें जाहिरातींतील ब्रीदहि त्याच सुमारास मागें पडलें. ज्या घरांत पहिलें वाहन म्हणून स्कूटर आली, तिला हार घातला गेला, पेढे वांटले गेले, त्या घरांना हा बदल थोडा टोंचलाहि असेल. परंतु त्यांचा सल्ला कोणीं घेतला नव्हता, आणि कोणी तो घेईल अशी त्यांची अपेक्षाहि नव्हती.

फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. तिनें २०१९ च्या सप्टेंबरांत फ्रँकफुर्टच्या मोटार-प्रदर्शनांत आपलें वर्तुळाकार चिन्ह नव्या रूपांत पुढें ठेवलें. पूर्वीं त्यास धातूची चकाकी व उठाव दाखविलेला असे. नवें चिन्ह सपाट, बारीक रेषांचें झालें, आणि खालचें अक्षर वर्तुळाच्या तळापासून किंचित् सुटें करण्यांत आलें. एवढ्याशा फरकापायीं जगभरच्या सुमारें १०,००० विक्री व दुरुस्ती-केंद्रांवरील सुमारें ७०,००० चिन्हें बदलावीं लागणार, असा हिशेब खुद्द कंपनीनेंच त्या वेळीं दिला होता. महिंद्र कंपनीनें २०२१ च्या ऑगस्टमध्यें जोड-शिखरांचें चिन्ह पुढें आणलें, तें चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही-७०० या गाडीबरोबर. येथें एक मौजेची गोष्ट अशी कीं, ट्रॅक्टर व मालवाहू गाड्या यांच्यासाठीं जुनेंच चिन्ह ठेवण्यांत आलें. शेतकऱ्याची ओळख मोडूं नये आणि शहरी गिऱ्हाइकाला नवेपणा दिसावा, असा हा दुहेरी बेत असावा.

या सर्व पालटांना एक कारण समान आहे. पूर्वीं चिन्ह पत्र्यावर, पितळेवर, फार तर कागदावर उमटत असे. आतां तें हातांतील फोनच्या पडद्यावर, नखाएवढ्या जागेंत, दिसावें लागतें. तेथें छाया-प्रकाशाची नक्षी चिखलासारखी एक होते. साधी, सपाट आकृति मात्र टिकते. ओल्या कुंकवाच्या बोटानें दारावर जें काढतां येतें तें चिन्ह हजारों वर्षें टिकलें, याचें रहस्यहि कांहीं वेगळें नव्हे.

असो. कारखान्याच्या चिन्हाचा निर्णय शेवटीं एका दालनांत होतो, आणि ज्याची मालकी त्याचा निर्णय, यांत कोणास अन्याय वाटत नाहीं. खरी कठीण गांठ मुक्त सॉफ्टवेअरच्या जगांत पडते.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हें गृहिणींना सांगावयाचें तर गोड्या मसाल्याच्या कृतीचा दाखला पुरे आहे. एका घरची कृति दुसऱ्या घरीं जाते. तेथें कोणी दगडफूल वाढवितें, कोणी खोबरें कमी करतें. आणि सुधारलेली कृति पुन्हां शेजारणीस सांगण्यास कोणाची मनाई नसते. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची कृति अशाच मोकळेपणानें सर्वांस द्यावी, आणि घेणाऱ्यानें पुढच्यासहि तितक्याच मोकळेपणानें ती द्यावी, हा दंडक रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें १९८९ मध्यें एका परवान्याच्या रूपानें लिहून काढला. पुढें १९९१ सालीं लायनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्स नांवाचें काम आरंभिलें व लवकरच तें याच परवान्याखालीं आणलें. आज तें जगांतील असंख्य यंत्रांच्या पोटांत चालू आहे.

मात्र मसाल्याची कृति मोकळी असली तरी पुडीवरचें नांव व छाप मोकळी नसते. कोणीहि उठून दुसऱ्याच्या छापाखालीं आपला मसाला विकूं लागला तर गिऱ्हाइकाची फसवणूक होईल. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरमध्यें देखील आज्ञावली सर्वांची, परंतु चिन्ह बहुधा राखीव, अशी विचित्र स्थिति निर्माण झाली. जें सर्वांनीं मिळून केलें त्याचें सर्वस्व वाटून दिलें, आणि कपाळावरचें कुंकू तेवढें एकाच्या डबींत राहिलें!

या स्थितींतून २००६ सालीं एक तंटा उभा राहिला. डेबियन ही स्वयंसेवकांची मोठी मंडळी. जें कोणालाहि बदलतां येईल तेंच आपल्या संग्रहाच्या मुख्य भागांत घ्यावयाचें, असा तिचा कडक नियम. मोझिला या संस्थेचा फायरफॉक्स हा कार्यक्रम तिच्या संग्रहांत होता. पण त्याचें चित्र, पृथ्वीगोलाला वेढा घालणारें तें ज्वालामय जनावर, कोणालाहि बदलण्याची मुभा नव्हती. डेबियननें कार्यक्रम ठेवला व चित्र वगळलें. मोझिलाचें म्हणणें असें कीं, नांव वापरावयाचें तर चित्रहि वापरावें, आणि केलेले फेरफार आम्हांस दाखवून मान्य करून घ्यावेत. नाहींतर नांवहि सोडावें. डेबियननें नांवहि सोडलें, आणि त्याच कार्यक्रमास ‘आइसवीझल’ म्हणजे बर्फाचें मुंगूस अशा धर्तीचें नांव दिलें. अग्नीला बर्फ, कोल्ह्याला मुंगूस! थट्टा होती, पण तिच्याखालीं तत्त्वाचा खडक होता. सुमारें दहा वर्षें हें नांव चाललें. २०१६ मध्यें समेट होऊन जुनें नांव व चित्र परत आलें. दोन्ही पक्ष सज्जनांचे होते व दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं खरें होतें, म्हणूनच तंटा इतका लांबला.

याच्या उलट लिनक्सच्या पेंग्विनची कथा. १९९६ सालीं लॅरी युइंग यानें तो गुबगुबीत, पोट भरून बसलेला पक्षी काढला, तोहि गिंप या मुक्त चित्रकला-कार्यक्रमाच्या साहाय्यानें. चिन्हासाठीं ज्या स्पर्धा झाल्या त्यांत हा पक्षी जिंकला नाहीं. तरी लोकांच्या मनांत तोच बसला, आणि स्पर्धा जिंकलेलीं चित्रें कोणतीं तें आज कोणास आठवतहि नाहीं. काढणाऱ्याचा व कार्यक्रमाचा नामोल्लेख करावा, एवढ्या अटीवर हा पेंग्विन कोणींहि वापरावा व बदलावा अशी मोकळीक आहे. २००९ मध्यें टास्मानियांतील ‘डेव्हिल’ नांवाचा प्राणी एका घातक रोगानें नामशेष होऊं लागला असतां, त्याच्याकडे लोकांचें लक्ष वेधावें म्हणून लिनक्सच्या एका आवृत्तीपुरती पेंग्विनची जागा त्या प्राण्यास देण्यांत आली. पण तोंडावर पेंग्विनची खोटी चोंच बांधून! पुढच्या आवृत्तींत पेंग्विन परतला.

मोझिलानें स्वतःचें बोधचिन्ह बदलतांना निराळा मार्ग धरला. २०१६ सालीं जॉन्सन बँक्स या लंडनच्या चित्रकारसंस्थेस काम सांगून तिनें सात कल्पना सर्व जगापुढें मांडल्या आणि अभिप्राय मागविले. २०१७ च्या जानेवारींत जें ठरलें त्यांत मोझिला या नांवांतील मधल्या अक्षरांच्या जागीं संकेतस्थळाच्या पत्त्यांत येणारें अपूर्णविराम व दोन तिरप्या रेघांचें चिन्ह घातलेलें होतें. कल्पना चतुर होती. परंतु चातुर्य समजावून सांगावें लागलें कीं चिन्हाचें बळ ओसरतें. २०२४ च्या डिसेंबरांत तेंहि बदललें. आठ वर्षांत दोनदां नवें रूप घेणें हें कांहीं स्थैर्याचें लक्षण नव्हे.

या सर्वांत अधिक बोधप्रद उदाहरण फेडोराचें आहे, आणि पुण्याशीं त्याचा संबंधहि निकटचा आहे. रेड हॅट, म्हणजे तांबडी टोपी, या अमेरिकन कंपनीनें २००३ सालीं आपली सर्वसामान्यांसाठींची लिनक्स आवृत्ति बंद केली व तिच्या जागीं स्वयंसेवकांच्या सहकार्यानें फेडोरा हा उपक्रम चालूं झाला. फेडोरा हेंहि एका टोपीचेंच नांव. २००५ पासून त्याचें चिन्ह असें होतें: संभाषण दाखविणारा निळा फुगा, त्यांत अनंताचें चिन्ह आणि त्याच्याशीं जोडलेलें रोमन ‘एफ’ अक्षर. मंडळींचा आवाज, अनंत शक्यता व स्वातंत्र्य असा त्याचा अर्थ लावीत.

अर्थ सुंदर होता, पण रोजच्या व्यवहारांत चिन्ह फार त्रास देई. तें एका रंगांत छापतां येत नसे; दोन निळ्यांवांचून त्यांतील अनंत दिसतच नसे. सदऱ्यावर भरतकाम करावयाचें, पेनावर छापावयाचें, तर खर्च वाढे किंवा आकृति बिघडे. काळ्या वा निळ्या पार्श्वभूमीवर तें बुडून जाई. फुग्याचा एक कोपरा टोंकदार असल्यामुळें तें नीट मध्यभागीं बसवितां येत नसे; कितीहि मोजून बसविलें तरी कललेलें दिसे. शेजारीं लिहिलेल्या नांवांतील शेवटचें ‘ए’ हें अक्षर ‘ओ’सारखें दिसे, म्हणजे फेडोराचें ‘फेडोरो’ होई. निळ्यावर पांढरा ‘एफ’ पाहून पुष्कळांस फेसबुकची आठवण होई. आणि सर्वांत खुपणारी गोष्ट अशी कीं, नांव ज्या वळणाच्या अक्षरांत लिहिलें होतें तो टंकच मुक्त नव्हता. मुक्ततेचा झेंडा आणि काठी मात्र भाड्याची!

कायद्यानें पाहतां या चिन्हाची मालकी रेड हॅटकडे आहे. कंपनीनें एका रात्रींत तें बदललें असतें तर न्यायालयांत कोणी कांहीं करूं शकला नसता. परंतु ज्यांच्या श्रमावर फेडोरा उभा आहे त्यांपैकीं पुष्कळांना वेतन मिळत नाहीं. चाकणच्या एखाद्या कारखान्यांत दिवसभर यंत्रें सांभाळणारा तरुण अभियंता रात्रीं घरीं बसून एखाद्या आज्ञावलींतील चूक दुरुस्त करतो व ती पाठवून देतो, असें समजा. त्याला मिळतें काय? थोडें श्रेय, चार परदेशस्थ मित्र, आणि संगणकाच्या झांकणावर चिकटवावयास एक चिन्ह. कारखान्याच्या गणवेषावरचें चिन्ह त्यास पगाराबरोबर मिळतें. हें दुसरें चिन्ह हाच त्याचा पगार. तें न विचारतां बदललें तर तो भांडणार नाहीं. हळूच एके दिवशीं काम करणें थांबवील. मालकीचा कागद हातीं असूनहि संमतीवांचून पाऊल टाकतां येऊं नये, अशी ही अडचण होती.

रेड हॅटमधील माइरीन डफी या चित्रकर्तींनीं हें काम अंगावर घेतलें. त्यांनीं २०१८ च्या ऑक्टोबरांत जुन्या चिन्हाचे दोष एकेक करून, चित्रांसह, सर्वांपुढें मांडले व दोन नवीं रूपें पुढें ठेवून लोकांचें मत मागितलें. येथें त्यांच्या पद्धतींतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं प्रथम ‘हें चिन्ह कुरूप आहे’ असें म्हटलें नाहीं. ‘हें चिन्ह अमुक ठिकाणीं अमुक कारणानें चालत नाहीं’ असें दाखविलें. कुरूपतेवर वाद संपत नाहीं; भरतकामाच्या सुईला जें साधत नाहीं त्यावर वादच होत नाहीं. अभिप्रायांचा वर्षाव झाला. कोणाला जुना फुगा हवा होता, कोणाला नव्यांत दुसरीच आकृति दिसत होती. शेंकडों लोकांनीं मिळून एक रेघ ओढतां येत नाहीं, हें खरें. पण ओढलेली रेघ कोठें चुकते हें शेंकडों डोळ्यांना एका हातापेक्षां लवकर दिसतें. हात थोडे ठेवले आणि डोळे पुष्कळ, म्हणून काम साधलें. आलेले आक्षेप घेऊन नवे खर्डे झाले व तेहि उघड्यावरच पाहिले गेले.

अखेर जें ठरलें तें जुन्याच कुळांतलें होतें. निळा रंग, फुगा, ‘एफ’ व अनंत यांची जोड हीं सर्व राहिलीं; पण आकृति सोपी झाली व एका रंगांतहि उमटूं लागली. नांवाचीं अक्षरें ‘कम्फर्टा’ या मुक्त टंकावरून सुधारून घेण्यांत आलीं, म्हणजे काठीहि घरची झाली. त्यानंतर वकिलांचें काम आलें, कारण नोंदलेलें व्यापारचिन्ह बदलणें म्हणजे नुसतें चित्र बदलणें नव्हे. एवढें सर्व होऊन २०२१ च्या एप्रिलांत प्रसिद्ध झालेल्या फेडोराच्या ३४ व्या आवृत्तींत नवें चिन्ह दिसूं लागलें. पहिल्या उघड चर्चेपासून अडीच वर्षें! एखाद्या कारखान्याच्या व्यवस्थापकास हा काळ हास्यास्पद वाटेल. परंतु चिन्ह आल्यावर मंडळी फुटली नाहीं, आणि जें आलें तें परकें वाटलें नाहीं.

खुद्द रेड हॅट कंपनीनेंहि याच सुमारास, १ मे २०१९ रोजीं, आपलें चिन्ह बदललें. जुन्या चिन्हांत तांबड्या टोपीखालीं अंधारांत अर्धा झांकलेला एक चेहरा होता. पाहणी केल्यावर असें आढळलें कीं, अनोळखी लोकांना तो मनुष्य लपूनछपून कांहीं करणारा, किंचित् भयप्रद वाटतो. तेव्हां मनुष्य गेला व टोपी राहिली.

या तांबड्या टोपीची एक मोठी कचेरी पुण्यांत आहे. फेडोराच्या मंडळींचीं आंतरराष्ट्रीय संमेलनेंहि पुण्यांत भरलेलीं आहेत. २०११ मध्यें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत, आणि पुन्हां २०१५ मध्यें. मराठी वाचकाच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘लोहित’ हा टंकसमूह. रेड हॅटनें २००४ सालीं तो मुक्त परवान्याखालीं दिला व पुण्यांतील मंडळींनीं वर्षानुवर्षें त्याची निगा राखली. लोहित म्हणजे तांबडा. टोपीचा रंग संस्कृतांत उतरला तो असा! मुक्त संगणकांच्या पडद्यांवर देवनागरी नीट दिसूं लागण्यांत या टंकाचा वांटा मोठा आहे.

येथें एक शंका मनांत डोकावल्यावांचून राहत नाहीं. फेडोराच्या पडद्यावरील प्रत्येक शब्द मराठींत आणतां येतो, आणि स्वयंसेवकांनीं तसा पुष्कळसा आणलाहि आहे. पण चिन्हांतील ‘एफ’ हें अक्षर ‘फ’ होऊं शकत नाहीं. इतक्या मोकळेपणानें झालेल्या चर्चेंतहि हा प्रश्न प्रश्न म्हणून पुढें आला नाहीं, यांत चर्चा करणाऱ्यांचा दोष धरतां येणार नाहीं. ज्यांची लिपि रोमन नाहीं त्यांनींच तो विचारावयास हवा होता. भारत सरकारनें २०१० मध्यें रुपयाचें चिन्ह खुल्या स्पर्धेंतून निवडलें, तेव्हां मुंबईच्या आय. आय. टी.चे उदय कुमार यांनीं देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर’ एकाच आकृतींत बसवून दाखविले होते. म्हणजे दोन लिपींना एका छताखालीं आणणें अशक्य आहे असें नव्हे.

चाकणच्या चौकांतील गाड्या आतां हलूं लागल्या असतील. आजच्या पुष्कळ मोटारींत पुढें एक पडदा असतो. त्यांतील माहितीच्या यादींत खोल शिरलें तर मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा एक लांबलचक मजकूर सांपडतो. लिनक्सचें नांवहि त्यांत पुष्कळदां भेटतें. परवान्याची अट म्हणून तो तेथें छापलेला असतो. अक्षरें बारीक, नांवें शेंकडों, आणि चिन्ह एकहि नाहीं. बाहेर गाडीच्या तोंडावर नवें चिन्ह उन्हांत चमकत असतें.